पाहुण्यांचं वायफाय आणि न केलेली अटक

नोकरीत हाताळलेली पुष्कळशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या चोरीचा मुद्देमाल कोणत्या ठाण्यात जमा केला होता, हे विचारलं तर मला खात्रीने सांगता येणार नाही. हे एक प्रकरण मात्र आठवायला डोक्याला ताण द्यावा लागत नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्रात त्याच्या चार ओळीही आल्या नाहीत. पण एका निरपराध मुलीला आरोपी करायचं की नाही, हे तीन दिवस माझ्या सहीवर अडकलं होतं. म्हणून लिहितो. नाव कोणाचंच देणार नाही, ठाण्याचंही नाही.

त्या वेळी मी पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात पोलीस निरीक्षक, गुन्हे, या पदावर होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आमच्या ठाण्याचा दिवस कंपन्यांच्या शिफ्टवर चालायचा. पहिली शिफ्ट सुटली की दुचाकी चोरीच्या तक्रारी, दुसरी लागली की गेटवरची भांडणं. मोबाइल हरवल्याचे दाखले लिहून ठाणे अंमलदाराची बोटं दुखायची. संगणकाचा गुन्हा क्वचित यायचा आणि आला की माझ्याच टेबलावर यायचा. कारण माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षकापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. त्या निरीक्षकाला त्यातलं किती कळतं, हा प्रश्न कायद्याने विचारलेला नाही.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. सकाळची हजेरी संपवून मी बसलो होतो. तळवड्याकडच्या एका छोट्या कारखान्याचे मालक आत आले. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग ज्यात दाबून काढतात ते साचे, म्हणजे डाय, बनवण्याचा त्यांचा धंदा. स्वतः लेथवर उभं राहून वर आलेला माणूस. बसायच्या आधीच म्हणाले, "साहेब, माझं ड्रॉइंग चोरीला गेलंय. आणि चोर कोण तेही मला माहितीये."

त्यांनी एक मोठा कागद टेबलावर पसरला. भोसरीतल्या त्यांच्या ओळखीच्या एका वर्कशॉपवाल्याकडे कोणीतरी हे ड्रॉइंग घेऊन गेलं होतं आणि असा डाय बनवून मिळेल का, असं विचारलं होतं. वर्कशॉपवाल्याला शंका आली. त्याने ते मालकांना पाठवून दिलं. कंपनीचं नाव लिहिण्याची चौकट कोरी होती.

"नाव नाही, मग हे तुमचंच कशावरून?" मी विचारलं.

त्यांनी एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे मराठीत लिहिलं होतं, 'ही कड घासू नये.'

"माझे फिटर दहावी-बारावी शिकलेले. इंग्रजीत टीप टाकली तर वाचत नाहीत, घासून मोकळे होतात. म्हणून मी प्रत्येक ड्रॉइंगवर मराठीत लिहायला लावतो. अख्ख्या पट्ट्यात दुसरं कोणी असं लिहीत असेल तर मिशी उतरवीन."

मिशी चांगली होती. माझा विश्वास बसला.

मग त्यांनी संशयिताचं नाव सांगितलं. ती मराठवाड्यातून आलेली, काळेवाडीत राहणारी तिशीतली तंत्रज्ञ होती. माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून इथे एकेरीत लिहितो. ती छोट्या कंपन्यांची कॅमेऱ्यांची आणि नेटवर्कची कामं स्वतंत्रपणे घ्यायची. या कारखान्यात तिने उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय बसवून दिलं होतं.

"तिनेच मला लिहून दिलंय, की पाहुण्यांच्या वायफायवरून ऑफिसचं काही दिसत नाही," मालक म्हणाले. "आणि आमचा सर्व्हर सांगतो, की ड्रॉइंगचा फोल्डर ऑफिसच्याच नेटवर्कमधून कॉपी झालाय. मशीन मात्र आमचं नाही. बाहेरच्याला आत येता येत नाही, मग आलं कोण? जिने कुलूप बसवलं तीच ना?"

ऐकायला हिशेब बिनचूक होता. आदल्या दिवशी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. ऑफिसमधल्या सगळ्यांसमोर चोर म्हटलं होतं आणि टाइप केलेला माफीनामा पुढे ठेवला होता.

"सही केली असती तर मी इथे आलोच नसतो, साहेब. पण बाई म्हणते काय, 'कामून करू मी सही?' माझ्या केबिनमध्ये, मलाच!"

इथे मी थोडा थांबलो. माझा अनुभव असा, की पोलिसांपर्यंत न जाता सुटका होणार असेल तर चोर सहसा माफीनाम्यावर सही करतो. त्याला ती सगळ्यांत सोपी वाट असते. अडून बसतो तो बहुतेक वेळा न केलेला माणूस. हा काही नियम नाही, कोर्टात तर मुळीच चालत नाही. पण मी मनाशी नोंद केली आणि गुन्हा अज्ञात आरोपीविरुद्ध दाखल करून घेतला. मालकांना ते आवडलं नाही.

दुपारी वरिष्ठांचा फोन आला. मालकांची ओळख कुठपर्यंत होती ते मला तेव्हा कळलं.

"त्या बाईला आणून बसव. संध्याकाळपर्यंत अटक दाखव."

"सर, या गुन्ह्याला सात वर्षांच्या आतली शिक्षा आहे. आधी नोटीस द्यावी लागते. अटक केली तर कारणं लेखी द्यावी लागतात."

"मग दे की. कारणं काय, लिहिता येतात."

"लिहिता येतात सर. पण खरी असावी लागतात."

मग ते म्हणाले, "तुला जास्त कायदा कळायला लागलाय. दोन दिवस देतो. तिसऱ्या दिवशी अटक झाली नाही तर तपास दुसऱ्याकडे जाईल. तो करेल."

तो करेल, यात मलाही शंका नव्हती. म्हणून माझ्याकडे दोनच दिवस होते.

महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, तिचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यावा लागतो. महिला हवालदारांना बरोबर घेऊन मी काळेवाडीला गेलो. एका किराणा दुकानाच्या वरती दोन खोल्या. आई भाकरी थापत होती. आम्हाला बघून तिने हात तसेच पिठाचे ठेवून जोडले.

"आवं साहेब, आमच्या सगळ्या भावकीत हीच एक शिकलीय हो..."

"आई, तू रडू नको बरं," मुलगी म्हणाली. "तू रडलीस की यांना वाटंल मी केलंय." मग माझ्याकडे वळून, "चौकशीला आलात का न्यायला?"

"आधी ऐकायला आलोय, ताई. मला यातलं काही कळत नाही. पहिलीतल्या मुलाला सांगता तसं सांगा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी थट्टा करतोय की काय, असं तिला वाटलं असावं. मग तिने मांडणीतून एक स्टीलचं ताट काढलं. कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये असतं तसलं, खणांचं.

"हे बगा. ताट एकच हाय, पण खण पाच. आमटी आमटीच्या खणात, ताक ताकाच्या. कंपनीत एक डबा असतो, त्याला स्विच म्हणतात. त्याला चोवीस तोंडं. कुठलं तोंड कुठल्या खणात, ते मी डब्याच्या आत ठरवून ठेवते. त्या खणाला आमच्यात व्हीलॅन म्हणतात. ऑफिसचे कॉम्प्युटर एका खणात, कॅमेरे दुसऱ्या, पाहुण्यांचं वायफाय तिसऱ्या. पाहुण्याला इंटरनेट मिळतं, पण शेजारच्या खणात काय वाढलंय ते त्याला दिसतसुद्धा नाही."

"मग ताक आमटीत गेलं कसं?"

"तेच मी म्हणायलेय! सर्व्हरच्या नोंदी, म्हणजे लॉग, मला दाखवा, मी शोधते, असे दोन मेसेज टाकले मालकाला. त्यांनी मला ब्लॉक केलं."

तिने काम संपवून दिल्यावरचा कागद काढला. कुठल्या तोंडात कुठली वायर, त्याची पूर्ण यादी. पाहुण्यांच्या वायफायची वायर एकवीस नंबरच्या तोंडात. खाली मालकांची पोच होती. हवालदारांनी जबाब लिहून घेतला. मी उठायला लागलो तेव्हा ती म्हणाली, "साहेब, एक विचारू? जामीन मला मिळेल, ते मला माहितीये. पण या पट्ट्यात माझी दहा-बारा गिऱ्हाईकं हायत. सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडं असतात. विश्वासावर. एकदा अटक झाली, आणि पुढं चार वर्षांनी निर्दोष सुटले, तर मला दारात कोण उभं करील?"

ती बरोबर बोलत होती. माझे वडील तालुक्याच्या बाजार समितीत मापाडी होते. घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. माझा कॉलेजचा फॉर्म आमच्या गणिताच्या सरांनी स्वतः भरला होता, कारण घरात तो कोणाला भरता येत नव्हता. अशा घरातून आलेल्या माणसाकडे नाव आणि काम एवढंच असतं. ते गेलं तर मागे काका-मामा कोणी उभे नसतात. त्या जिन्यावरून उतरताना मी ठरवलं, की पुरावा नसताना या मुलीला माझ्या सहीने अटक होणार नाही. तपास काढून घ्यायचा असेल तर घ्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पंच, महिला हवालदार आणि सायबर विभागातला एक तांत्रिक शिपाई घेऊन मी कारखान्यात गेलो. मुलीलाही नोटीस देऊन हजर राहायला सांगितलं होतं. तिला गेटवर बघताच मालकांचा आवाज चढला.

"चोराला कपाट दाखवायला आणलंत काय साहेब?"

"ती कशालाही हात लावणार नाही. ती सांगेल, माझा शिपाई हात लावेल, पंच बघतील. तुम्हाला हरकत असेल तर लेखी द्या, मी पंचनाम्याला जोडतो."

लेखी म्हटल्यावर बरीच माणसं मऊ होतात. तेही झाले.

पाहुण्यांच्या खोलीत वायफायचा पासवर्ड मोठ्या अक्षरात भिंतीवर लावला होता. त्याला कोणाचाच आक्षेप नव्हता, पाहुण्यांसाठीच होता तो. स्विचचं कपाट स्टोअरच्या मागच्या भिंतीवर होतं. कुलूप नव्हतं. शिपायाने काचेचं दार उघडलं आणि मुलगी एकदम पुढे झाली.

"ही माझी बांधणी नाही. आणि माझी लेबलं कुठं गेली? प्रत्येक तोंडावर मी कागद चिकटवला होता."

"आता लेबलांचं नाटक सुरू," मालक म्हणाले.

मी डब्याकडे बघत होतो. आजूबाजूला लोखंडाची काळी धूळ, आणि हा डबा नवा असल्यासारखा लख्ख. राखाडी वायरी एका ओळीत, शाळेतल्या मुलांसारख्या लांबीप्रमाणे लावलेल्या. डब्याच्या वरच्या कडेला हळद-कुंकवाची दोन बोटं आणि झेंडूची एक सुकलेली पाकळी चिकटलेली.

पोलीस ठाण्यातही खंडेनवमीला शस्त्रपूजा असते. पूजेच्या आधी रायफली खोलून, तेल घालून, पुसून परत जोडतात. मळलेल्या शस्त्राला कुंकू लावलं तर आमचे जुने हवालदार ओरडायचे. अख्ख्या नोकरीत दरवर्षी बघितलेली ही गोष्ट त्या डब्यासमोर मला आठवली.

"याची पूजा कोणी केली?"

"आमचे दादा करतात," मालक वैतागून म्हणाले. "सगळ्या मशीनची करतात. त्याचा इथे काय संबंध?"

"बोलवा त्यांना."

दादा म्हणजे कारखान्याची देखभाल बघणारे जुने कामगार. चाकणजवळच्या गावचे, पन्नाशी ओलांडलेले, घरची शेती सांभाळून कामाला येणारे. हात पुसत आले.

"दादा, या डब्याची पूजा तुम्ही केलीत?"

"व्हय साहेब. दरसाली समद्या मशिनींची करतो. औंदा म्हनलं, आक्खी कंपनी ह्या डब्याव चालती, मंग ह्यालाच कुकू का न्हाई?"

"चांगलं केलंत. आधी साफ केला असेल."

"तर वो! धुळीनं माखला व्हता. धुळीवं कुकू लावायचं व्हय? वायरी काढल्या, ब्लोअर मारला, फडक्यानं पुसला. कागदाचं तुकडं चिकाटल्यालं व्हतं, ते बी नखानं खरवडून काढलं."

मुलीने डोळे मिटून घेतले.

"आणि वायरी?"

"लावल्या की माघारी. निळ्या निळ्यांच्यात ठिवल्या. ह्या राखाडी लय गिचमीड व्हत्या, लांबडी हितं, आखूड तितं. वळीनं लावल्या. बघा की, कशा झ्याक दिसत्यात."

"लावल्यावर काही बंद पडलं नाही?"

"काय बी न्हाई! समदं दिवं लागलं. मालकांचा कॉम्प्युटर चालू, वायफाय चालू, क्यांटीनचा टीव्ही चालू. कोन अवाक्षर बोललं न्हाई."

हाच तर सगळा घोटाळा होता. बंद पडलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.

शिपायाने मुलीचा कागद हातात धरून एकेक वायर तपासली. एकवीस नंबरच्या तोंडात कॅन्टीनच्या टीव्हीची वायर निघाली. नऊ नंबरमधली वायर ओढल्यावर पाहुण्यांच्या खोलीतलं वायफाय गेलं, परत लावल्यावर आलं. पंचांनी दोनदा करून बघितलं. नऊ नंबर ऑफिसच्या खणातला. म्हणजे खंडेनवमीपासून भिंतीवरचा पासवर्ड टाकणारा प्रत्येक पाहुणा थेट ऑफिसात जाऊन बसत होता. स्विचला स्वतःची स्टेशन डायरी असते, हेही मला त्या दिवशी कळलं. कुठलं तोंड कधी बंद झालं आणि कधी सुरू झालं, याची नोंद त्यात आपोआप होते. खंडेनवमीच्या सकाळी सगळी तोंडं एकामागून एक बंद पडली होती आणि अर्ध्या तासात परत सुरू झाली होती. आमच्या डायरीपेक्षा ती नेटकी होती.

मालक दादांवर फिरले. "दादा, वाटोळं केलंत माझं! साहेब, यांचं नाव घाला गुन्ह्यात."

दादांचा चेहरा उतरला. "म्या तर पूजा केली वो साहेब..."

"कोणाचं नाव घालायचं ते मी बघतो," मी म्हणालो. "दादांच्या मनात चोरी नव्हती. चूक आहे, गुन्हा नाही. आणि चुकांबद्दलच अटक करायची असेल तर कुलूप न लावलेलं कपाट तुमचं आहे. हिने दिलेला कागद तुमच्या फाइलमध्ये आहे, तुम्ही तो वाचलेला नाही. रांग तुमच्यापासून सुरू करावी लागेल."

मग मुलगी बोलली.

"चूक माझीबी हाय, साहेब. मी कागद मालकाला दिला. दादांना नाही दिला. वायरींना हात लावणारा माणूस तर दादाच हाय. त्यांना कोणीच सांगितलं नाही, मीसुद्धा नाही."

कालपर्यंत जिला चोर म्हणत होते ती स्वतःची चूक सांगत होती, आणि म्हणणारा मालक अजून दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. मी हे पंचनाम्यात लिहू शकलो नाही, म्हणून इथे लिहितो.

पुढचं काम सोपं होतं. फोल्डर ज्या लॅपटॉपवरून कॉपी झाला त्याचं मशीनचं नाव आणि वेळ सर्व्हरवर होती. गेटच्या रजिस्टरप्रमाणे त्या वेळेला आत तीनच पाहुणे होते. एक कुरिअरवाला, एक विमा एजंट, आणि एक कटिंग टूल विकणारा सेल्समन. खरेदी अधिकाऱ्याने भेट दिली नाही म्हणून हा सेल्समन दोन तास पाहुण्यांच्या खोलीत बसून होता. भोसरीच्या वर्कशॉपवाल्याने फोटोवरून ओळखला तोही हाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो ठाण्यात आला. पस्तिशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर लॅपटॉपची बॅग. अजिबात घाबरलेला नव्हता.

"साहेब, मी काय हॅकर आहे का? सेल्सवाला माणूस मी. पासवर्ड त्यांनीच भिंतीवर लावलाय. जोडला. फोल्डर दिसला. उघडला. कुठे कुलूप नाही, काही नाही."

"हं."

"दोन तास बसवून ठेवलं राव त्यांनी. चहासुद्धा विचारला नाही. माणूस बसल्या बसल्या काय करणार?"

माणूस बचाव मांडत असताना मध्ये बोलू नये, हे मला एका जुन्या फौजदारांनी शिकवलं होतं. मी त्याला पूर्ण बोलू दिलं. चहा मागवला. त्याने तो प्यायला.

"म्हणजे तुम्हाला असं वाटलं, की हे पाहुण्यांना बघायलाच ठेवलंय," मी म्हणालो.

"एक्झॅक्टली साहेब! तुम्ही समजून घेतलंत."

"मग नाव का खोडलं?"

त्याने कप खाली ठेवला.

"ज्याचं होतं त्याने उघड्यावर ठेवलंय असं वाटत होतं, तर त्याचं नाव राहू द्यायचं. तुम्ही ते बसून खोडलंत. का?"

बराच वेळ तो बॅगेच्या चेनशी चाळा करत राहिला. महिला हवालदार पेन धरून बसल्या होत्या.

"नाव ठेवून भोसरीत कसं दाखवणार साहेब?" तो शेवटी म्हणाला.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, ते मला ठाऊक होतं. मला लॅपटॉप हवा होता. तो त्याने पंचांसमोर काढून दिला. त्यात नाव खोडण्याच्या आधीची प्रत जशीच्या तशी होती.

"त्यावर मराठीत एक ओळ होती," मी उठता उठता विचारलं. "वाचता येत नाही का तुम्हाला?"

"येतं की साहेब. लक्षच गेलं नाही. ते काय, कामगारांसाठी लिहिलेलं असतं."

दुपारी मी वरिष्ठांना कळवलं. खरा आरोपी मिळाल्याचा त्यांना आनंद होईल, असं मला या वयातही वाटलं होतं.

"ठीक आहे. आता त्या बाईलाही सहआरोपी कर. तिचं कामच कच्चं होतं म्हणून हे झालं. दोघंही घाल, कोर्ट बघून घेईल."

"कोर्ट बघून घेईल सर, पण तोपर्यंत तिच्या हातातलं सगळं काम जाईल. तिच्याविरुद्ध माझ्याकडे एक ओळीचाही पुरावा नाही."

"मी सांगतोय ना."

"लेखी सांगा सर. मी आदेशाची प्रत केस डायरीला लावतो."

फोन ठेवल्याचा आवाज आला. लेखी आदेश काही आला नाही. संध्याकाळच्या आत मी अहवाल पाठवला, की सदर महिलेचा गुन्ह्याशी संबंध नाही, तिने तपासात सहकार्य केलं आहे. 'सहकार्य' या शब्दाखाली मी पेनने रेघ मारली. सरकारी कागदावर अशी रेघ मारत नाहीत.

दोन दिवसांनी मालक ठाण्यात आले. मुलगीही ड्रॉइंगच्या चोरीतली साक्षीदार म्हणून समजपत्र घ्यायला स्वतःहून आली होती. मालकांनी तिला बघितलं, उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, झालं गेलं विसरा."

"इथं नको," ती म्हणाली. "इथं मला कोण चोर म्हणालं नव्हतं. जिथं म्हणालात तिथं सांगा."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या रजिस्टरमध्ये बघितलं.

त्या सोमवारी पहिल्या शिफ्टच्या आधी सगळे कामगार आणि ऑफिसची माणसं यंत्रांच्या मधल्या जागेत उभी होती. मलाही निरोप होता. मी साध्या कपड्यात मागे उभा राहिलो. मालक दोन वाक्यं बोलले. आपण हिच्यावर खोटा आळ घेतला, आणि त्याबद्दल आपण सगळ्यांसमोर माफी मागतो. मी त्यांनाही कमी लेखत नाही. स्वतःच्याच माणसांच्या दोनशे डोळ्यांसमोर मान खाली घालायला बळ लागतं.

मुलीने पिशवीतून एक जाड प्लास्टिकमध्ये घातलेली यादी काढली, मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि ती मालकांना न देता दादांच्या हातात दिली. मग कपाटाच्या दारावर, बाहेरच्या बाजूला, तिने लाल मार्करने एक गोल काढला. आत लिहिलं, 'कुंकू येथे लावावे.'

"दादा, पूजा करायची. पण हितं."

"आन आतमंदी?"

"आत मी करीन. मला बोलवा."

दादा म्हणाले, "मंग नारळ बी तुमीच आना." सगळे हसले, मालकही. वार्षिक देखभालीचं काम तिला मिळालं. तिने एकच अट घातली होती. कपाटाला कुलूप लागेल, आणि चाव्या दोनच असतील, एक तिची, एक दादांची. मालकांच्या खिशात चावी नको.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर पहिली गोष्ट ही, की न कळणारी गोष्ट विचारायला लाजू नये. काळेवाडीतल्या त्या खोलीत मी मोठेपणा धरून बसलो असतो, तर मालकांचा बिनचूक हिशेब मलाही पटला असता. त्या मुलीचे आणि सायबर विभागातल्या त्या तरुण शिपायाचे माझ्यावर उपकार आहेत. दुसरी गोष्ट, सूचना कोणाला दिली याला फार महत्त्व आहे. आपल्याकडे कागद साहेबाला देतात आणि काम दुसराच करत असतो. अपघातांच्या चौकशांतही मी हेच पुढे अनेकदा पाहिलं. आणि तिसरी गोष्ट खात्यातल्या नव्या मुलांसाठी. 'आधी अटक, मग तपास' हे तुम्हाला रोज कोणीतरी सांगेल. चांगल्या आवाजात सांगेल, ओरडून सांगेल, तुमच्या बदलीची आठवण करून देऊन सांगेल. अटकेच्या कागदावर सही मात्र तुमची असते. सांगणाऱ्याची कुठेच नसते.

त्या वर्षीच्या माझ्या गोपनीय अहवालात एक ओळ आली. 'वरिष्ठांच्या सूचनांची अंमलबजावणी करण्यात विलंब करतात.' शेरा प्रतिकूल होता, म्हणून नियमाप्रमाणे मला लेखी कळवण्यात आला आणि त्यावर म्हणणं मांडायला मुदत देण्यात आली. सहकारी म्हणाले, "उत्तर द्या साहेब, निवृत्ती तोंडावर आलीय, कशाला डाग ठेवता?"

मी उत्तर दिलं नाही. शेरा खोटा असता तर दिलं असतं. विलंब मी केला होता, समजून उमजून केला होता. त्या खुर्चीत पुन्हा बसवलं तर पुन्हा करीन.